गोष्टीतल्या थांबायच्या जागा

प्रिय लेखका,

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवतील. वहिनी, माझ्या अक्षराला हसू नका, चौथी शिकलेल्या माणसाचं आहे. आणि जरा सावकाश वाचा, नाहीतर त्याला धाप लागेल. ऐकताना कुणाला धाप लागते का, असं म्हणाल. पण हल्ली मला सगळ्याचीच भीती वाटते.

तुझी वाचा गेल्याला पाच महिने झाले. आजारी पडायच्या आधी तू लिहून ठेवलेली नावाडणीची गोष्ट प्रकाशकांनी माझ्याकडे पाठवली. चौदा पानं, चौदा चित्रं, मुदत महिनाअखेरची. मला वाटलं, बत्तीस पुस्तकं केली आपण, तेहतिसाव्याला काय धाड भरलीय.

पण ती बत्तीसच्या बत्तीस मी कानांनी केली रे. तू खुर्चीत बसून वाचायचास, मी जमिनीवर कागद पसरून ऐकायचो. साध्या मजकुरावरून तू भरभर जायचास आणि चित्राची जागा आली की आपोआप थांबायचास. चहाचा घोट घ्यायचास, चष्मा पुसायचास. तेवढ्यात मला चित्र दिसायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. हा रंगाऱ्या फार विचार करून चित्राच्या जागा निवडतो, असं तू चारचौघांत सांगायचास आणि मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो.

कागदावर सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. बोट ठेवून ठेवून वाचलं, तर पान संपेपर्यंत वरचं विसरायला होतं. मग सूनबाईला वाचायला बसवलं. पोरगी गुणाची, पण बातम्या दिल्यासारखी वाचते, थांबायचं नावच नाही. तरी सातव्या पानासाठी नावाडीण काढली, वल्हं मारणारी, हसणारी. दोन दिवस खपलो. सूनबाई बघून म्हणाली, "बाबा, होडी चौथ्या पानावरच बुडाली ना?" मी म्हटलं, "मग ही हसतेय कशाला?" तर म्हणते, "ते तुम्हीच सांगा." मुलगा हसून हसून लोळला. मीही हसलो. आणखी सहा पानांची तीच गत झाली, तेव्हा कुणी हसलं नाही.

परवा मी आलो होतो तो नुसता तुला बघायला नाही. वहिनी आत होत्या, तेवढ्यात मी तुझ्या कानाशी वाकून विचारलं, ही गोष्ट दुसऱ्या चित्रकाराकडे देऊ का. तू हो म्हटल्यासारखी मान हलवलीस. मला सुटल्यासारखं झालं. मग वहिनींनी येऊन विचारलं, भूक लागली का, तेव्हाही तू तशीच मान हलवलीस. आणि त्या वाटी घेऊन आल्या तर तोंड फिरवलंस. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरी तुझं हो धरून चाललो. काल सगळे कागद प्रकाशकांना देऊन आलो. नवा मुलगा हुशार आहे म्हणतात, स्वतः वाचतो आणि काढतो. मुखपृष्ठावर तुझ्या नावाखाली आता त्याचं नाव येईल. हे तुला थेट पुस्तक हातात पडल्यावरच कळू नये, म्हणून आधीच लिहितोय. तुझं ते हो नसलं, तर मी काय करायचं, मला काही सुचत नाही.

तुझाच, अजूनही,
रंगाऱ्या