सोबत्याचा पाय

सोमवार, ६ जानेवारी

आज प्रयोगशाळेत रुजू झाले. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, खिडकीतून भरपूर ऊन, आणि माझ्या टेबलाला चक्क स्वतःचा दिवा! काम सूज आणि वेदना उतरवणाऱ्या नव्या औषधाचं. प्रत्येक पिंजऱ्यात दोन पांढरे उंदीर. एकाच्या मागच्या पायात सूज आणणारं इंजेक्शन द्यायचं, मग औषध. दुसरा निरोगी, नुसता सोबती. एकटा उंदीर खाणं टाकतो म्हणून. सर म्हणाले, माझंही तेच आहे, बायको माहेरी गेली की घास उतरत नाही. सुजलेला पाय पाण्याच्या नळीत बुडवायचा आणि पाणी किती चढतं ते पाहायचं. सोबत्याकडे बघायचं नाही, तो हिशेबात नाही.

वेदना माणसाला घडवते म्हणणाऱ्यांनी माझ्या आईला सकाळी पलंगावरून उतरताना पाहावं. गुडघे टम्म सुजलेले, बोटं आत वळलेली. वेदना कुणाला घडवत नाही, ती नुसती कुरतडते. तिच्याशी भांडायलाच मी इथे आले आहे. त्यासाठी उंदरांचे पाय सुजवावे लागले तर मी मान खाली घालणार नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

चमत्कार हा शब्द मला आवडत नाही, पण आज दुसरा सुचत नाही. काल फुगलेले पाय आज सकाळी सपाट. एकूण एक पिंजऱ्यात! सर इतके खूश की चहा त्यांच्याकडून. माणसांपर्यंत पोचायला मात्र अजून कित्येक वर्षं लागतील म्हणाले. वर्षं! आईचं कण्हणं मला रोज भिंतीपलीकडून ऐकू येतं. नियम मला पाठ आहेत. तरीही माझ्या पर्समध्ये आता एक कुपी आहे.

शनिवार, १८ जानेवारी

आई चालली! काठीशिवाय स्वयंपाकघरात गेली आणि भाजी चिरायला बसली. म्हणाली, सुटले बाई, आता तुझ्या हातचं बेचव खायला नको. मी हसता हसता रडले. घरात आम्ही तिघीच. तिसरी माझी सात वर्षांची लेक, चिऊ. आजी चालते म्हणून ती घरभर नाचली आणि नेहमीसारखी आजीच्या कुशीत झोपली.

सोमवार, २० जानेवारी

चिऊ उठली नाही. गुडघे सुजले आहेत. डॉक्टर म्हणाले, मुलं धडपडतात आणि मार खायच्या भीतीने लपवतात. चिऊ शपथेवर सांगते, पडले नाही. तिला पेन्सिल धरता येत नाही. बोटं आत वळली आहेत. अगदी आईची वळायची तशी.

मंगळवार, २१ जानेवारी

आज सोबत्यांचे पाय पाहिले. सगळ्यांचे सुजलेले. तोच पाय, तीच बाजू. सर म्हणाले, शेजारी चावला असेल. चावल्याची खूण कुठेही नाही. मी हटले नाही, तेव्हा जरा चिडून म्हणाले, बाई, सोबती मोजत बसलो तर जगात एकही औषध निघायचं नाही.

बुधवार, २२ जानेवारी

एक उंदीर एकटा ठेवून औषध दिलं. सूज ढिम्म हलली नाही. मग शेजारी दुसरा सोडला. बघता बघता पहिल्याची सूज उतरली, आणि दुसरा उंदीर पाय उचलून किंचाळू लागला.

वेदना मरत नाही. जवळ असेल त्याच्यात शिरते. शिरताना वाढते.

गुरुवार, २३ जानेवारी

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, चिऊला औषध दे आणि मला तिच्याजवळ बसव. माझं दुखणं मला परत दे, मला त्याची सवय आहे गं.

नाही म्हटलं. हे घरात मी आणलं. आईला शेजारणीकडे पाठवलं, चिऊला मांडीवर घेतलं आणि सुई टोचली.

शुक्रवार, २४ जानेवारी

चिऊ अंगणात पळते आहे. आवाज येतो.

माझे गुडघे — आईचं इतकं नव्हतं. इतकं असतं तर ती —

शनिवार, २५ जानेवारी

खोलीला आतून कडी. दोघींना बजावलंय, कुणी जवळ यायचं नाही.

कुपीत थोडं उरलं होतं. टोचून घेतलं. एकटीला लागू पडणार नाही, माहीत होतं. माहीत असूनही —

रविवार, २६ जानेवारी

पाण्यासाठी कडी काढली. फक्त पाण्यासाठी. परत लावताना बोटं —

दुपार. चिऊ आत आली. जा म्हणायचं होतं. मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिच्यातला औषधाचा अंमल कधीच उतरलाय. माझ्यातला —

गुडघे हलके झाले.

बोटं सुटली. अक्षर सरळ येतं आहे, आज कितीतरी वेळाने मी एक आख्खं वाक्य न थांबता लिहिते आहे, आणि बरं वाटतं आहे, देवा, किती बरं वाटतं आहे. चिऊ झोपेत कण्हली. तिला ढकलायला हवं. ढकलते. आत्ता ढकलते, फक्त हा एक श्वास पुरा —