वरची खोली आणि माझे अकरा प्रश्न

खमरिया रोड, जबलपूर
मार्चचा दुसरा रविवार

आदरणीय भाऊजींना दयारामचा सप्रेम जय भीम.

ताईच्या गुडघ्याला आता कसं आहे? (तिला विचारलं की 'ठीक आहे' म्हणते आणि मग भावजयीला, म्हणजे सुमनला, फोन लावून तासभर खरं सांगते, म्हणून तुम्हाला विचारतो.) तुमची शुगर मापात असेल, नसली तरी तुम्ही सांगणार नाही. फोन सोडून पत्र लिहून राहिलो, त्याचं कारण असं की फोनवर तुम्ही 'हो, हो' म्हणता आणि टीव्ही पाहता. पत्र वाचतानाही पाहालच, पण ते मला दिसणार नाही.

तर झालं असं. आमची वरची खोली दिवाळीपासून रिकामी. सुमनच्या ओळखीनं एक पोरगी विचारायला आली. नुजहत अन्सारी, गोहलपूरची, आमच्या बाजूच्या दवाखान्यात नर्स. (सुमनला तिनं इंजेक्शन दिलं ते सुमनला कळलंच नाही. तेवढ्यावर सुमननं तिला घरची करून टाकलं.) येत्या एक तारखेपासून तिची ड्युटी सकाळी सहाची. त्या वेळी गोहलपूरहून ऑटो भेटत नाही, म्हणजे इकडे खोली नाही तर नोकरी नाही. बिचारी पाच घरं फिरली. नाव सांगितलं की पाचही खोल्या आत्ताच गेलेल्या. आमची सहावी.

आता तुम्ही मला ओळखता. मी त्या पाचांसारखा नाही. आपण समतेवाले लोक, त्यातून मी विहाराचा सचिव. मी कोणाला धर्म पाहून नाही म्हणत नाही, तपासून म्हणतो. बत्तीस वर्षं इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होतो, गेज लावल्याशिवाय एक पीस पुढे जाऊ दिला नाही. लोखंडाला एवढी शिस्त, तर भाडेकरूला काहून नाही?

मोबाईलवर मुसलमानांबद्दल जे येतं ते आधी गोळा केलं. पण ते सगळं एकाच माणसानं डोक्यात राख घालून लिहिल्यासारखं वाटलं, आणि त्याच गटात आपल्याबद्दल काय येतं ते मी वाचतो. म्हणून विहाराच्या ग्रंथालयातून इस्लामवरचं पुस्तक आणलं. (ग्रंथपाल नथ्थूनं सही घेताना माझ्याकडे असं पाहिलं की मी बॉम्बच घेऊन चाललो. बत्तीस वर्षं खरे बॉम्ब बनवले, तेव्हा कोणी असं पाहिलं नाही.)

भाऊजी, काय पुस्तक आहे! चार दिवसांत मी तयार झालो. चौदाशे वर्षांमागे मक्केत एक व्यापारी, हजरत मुहम्मद. चाळिशीत डोंगरातल्या गुहेत एकटे बसले असताना देवदूत आला आणि पहिला शब्द बोलला, 'वाच'. (आपल्याकडे 'शिका' पहिलं आहे. मी तिथं पेन्सिलीनं खूण केली. नथ्थू ओरडेल.) देव एक, मूर्ती नाही, माणसं सगळी सारखी, म्हणून मक्केचे मोठे लोक खवळले आणि यांना मदिनेला जावं लागलं. तिथून त्यांचं सन चालू होतं. कामं पाच: कलमा म्हणजे साक्ष, दिवसाला पाच नमाज, रमजानचे रोजे, वर्षाच्या शिलकेतून चाळिसावा हिस्सा गरिबाला, आणि ऐपत असली तर जन्मात एकदा हज. बिलाल नावाचा काळा गुलाम होता, मालकानं त्याला तापल्या वाळूत झोपवून छातीवर धोंडा ठेवला. पुढे पैगंबरानं त्यालाच अजान द्यायचा मान दिला. हे वाचून मला भरून आलं. सुमनला पाचही नमाजांची नावं म्हणून दाखवली. ती म्हणे, पोरीला खोली पाहिजे, तुम्ही काहून मौलवी होऊन राहिले?

मी अकरा प्रश्न काढले, फुलस्केपवर, समोर 'पास' आणि 'रिजेक्ट' असे दोन रकाने आखले.

पोरगी मागच्या रविवारी आली. चौथा प्रश्न रोज्याचा होता, तो मी तोंडी न विचारता प्रात्यक्षिकानं घ्यायचं ठरवलं. पोहे आणि चहा पुढे केला. (नाही म्हणाली तर पास.) ती 'शुक्रिया अंकल' म्हणाली आणि खायला लागली! मी विचारलं, रमजान चालू आहे ना, रोजा नाही? ती म्हणाली, आज नहीं है. मी म्हटलं, काहून नाही? ती पोह्यांकडे पाहू लागली. मग मी पुस्तकाप्रमाणे सवलती वाचून दाखवल्या: तू आजारी नाहीस, प्रवासात नाहीस, म्हातारी तर नाहीसच, मग आज कोणत्या कलमाखाली सूट? आतून सुमननं कढई अशी आपटली की शेजारचा कुत्रा भुंकला. नंतर पाहिलं तर पुस्तकाची दोन पानं चिकटलेली होती, आणि बायकांना महिन्यातले काही दिवस रोजा नसतो ते नेमकं आतल्या पानावर. दोन पोरींचा बाप आहे मी. सांगा, कोणत्या भिंतीवर डोकं आपटू?

तेव्हा मात्र मी हे न समजता पुढे गेलो. हिजरीचं पहिलं वर्ष इंग्रजी कोणतं? तिला येईना. मी सांगितलं, सहाशे बावीस. ती म्हणाली, "अंकल, आपको तो हमारे हाफ़िज़ जी से ज़्यादा मालूम है." मी फुगलो. त्या भरात बिलालची गोष्ट तिलाच सांगितली आणि म्हटलं, तुमच्यात ही समता फार चांगली. तर पोरगी हसली आणि म्हणाली, "किताब में तो है, अंकल. हम अंसारी हैं, बुनकर. किसी सय्यद के घर रिश्ता भेजकर देखिए, चाय भी नहीं पूछेंगे." (बुनकर म्हणजे विणकर, सय्यद त्यांच्यातले वरचे.) भाऊजी, ही गोष्ट पुस्तकात चिकटलेल्या पानांवरही नव्हती.

मग तिनं सहज विचारलं, आप लोगों में भी कुछ आठ बातें होती हैं ना? अष्टांगिक मार्ग. आता हे मी दर पौर्णिमेला लोकांना समजावून सांगतो. सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्म, आजीविका... आणि समाधी. सहा झाले. मी घाम पुसला. परत पहिल्यापासून मोजले, परत सहाच. आतून सुमन ओरडली, व्यायाम अन् स्मृती! (दोन्ही मला नाहीत, हे ती पुढे बोलली नाही, पण ऐकू आलं.) पोरगी इतकी चांगली की तोंडावर रुमाल धरून खोकली.

मी फुलस्केपची घडी घातली आणि प्रकरण विचाराधीन ठेवलं. आज आठ दिवस झाले. निर्णय घाईनं घेऊ नये. सुमन तेव्हापासून माझ्याशी फक्त 'जेवा' एवढंच बोलते. बाकी इकडे सगळं ठीक. ताईला जय भीम, तुमच्या वेदांगला आशीर्वाद.

आपला,
दयाराम मेश्राम

ता. क. एक गोष्ट राहिलीच. आमच्या एकताला पुण्यात नोकरी लागली, ते तुम्हाला माहीत आहेच. खोली अजून नाही, मैत्रिणीच्या हॉस्टेलमध्ये लपून राहते. तीन घरं झाली. आडनाव सांगितलं की बाई गाव विचारतात, मग बापाचं काम, मग जेवणात काय चालतं. शेवटच्या बाईंनी तर हद्द केली. भिंतीवर फोटो कोणाचा लावणार, हे विचारलं! पोरगी फोनवर रडली हो. भाऊजी, माणसाला खोली द्यायची की परीक्षा घ्यायची? कोण समजतात हे लोक स्वतःला? वेदांग तिकडे सहा वर्षं आहे, त्याच्या ओळखीत काही न विचारणारा एखादा घरमालक असेल तर लगेच कळवा. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. मी पोस्टाची तिकिटं शोधत होतो तेवढ्यात सुमननं पत्र वाचलं, ताज्या कलमासकट. वरच्या खोलीची चावी घेऊन ऑटोनं गोहलपूरला निघून गेली. आता जिन्यावरून पेटी चढवल्याचा आवाज येऊन राहिला आणि वर दोघी हसून राहिल्या. मी खाली बसलो आहे. मला कोणी काहीच विचारून नाही राहिलं.