न सुटणारा उपास

ता. ४ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हायस्कुलात नर्स म्हणून तुला तिसरं वर्ष लागलं तरी तुझ्या खोलीला अजून दार बसलेलं नाही, पडद्यावरच भागतंय, हे वाचून तुझे भाऊजी हसले. म्हणाले, पोरांची दुखणी घड्याळासारखीच, उघडायची तर वारा लागता कामा नये, शाळेला हे कुणीतरी सांगा. यांच्या घड्याळाच्या दुकानात मात्र सध्या पट्टे बदलण्यापलीकडे काम नाही.

मुख्य बातमी साळूची. तुझी ती साळुंकी, जिची टकळी बंद करायला आपण हात जोडायचो, ती आता घटका घटका बोलत नाही. काळजी करू नकोस, पोरगी देवाच्या वाटेला लागली आहे. उन्हाळ्यात माझ्याबरोबर आठवड्याचा उपास धरू लागली आणि आता एकाचे तीन केले. मी संध्याकाळी सोडते तेव्हा म्हणते, आई, माझा उद्यापर्यंत आहे. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, या वयात पोरी आरशापुढून हलत नाहीत, तुझी देवापुढून हलत नाही, नशीब काढलंस. खरं सांगते, मला मूठभर मांस चढलं. अन्नाची नासाडी नाही, डबा घासूनपुसून परत आणते.

फक्त थंडी फार वाजते तिला. आम्ही पंख्याखाली बसतो आणि ही स्वेटर घालून. तुझ्याकडे जाड लोकर उरली असेल तर पाठव, नवी विकत घ्यायला नको. शाळेत कवायतीच्या बाईंनी तिला चक्कर आली म्हणून दोनदा सावलीत बसवलं. दहावीचं वर्ष, जागरणं होतात, दुसरं काय.

कळावे. माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझी ताई

ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

लोकर आहे, पण लोकरीने भागेल असं वाटत नाही. फोनवर साळू जवळपास असते, म्हणून लिहिते आहे. हे पत्र एकटी असताना वाच.

तिने घास तोंडात घालून गिळलेला तू शेवटचा कधी पाहिलास? डबा रिकामा येतो म्हणजे ती जेवते असं नाही. माझ्या शाळेत डबे वाटून टाकणाऱ्या मुली मी पाहते. विंचरताना केस जास्त गळतात का? पाळी वेळेवर येते का, की तिने तुला सांगायचंच सोडलं? जेवायची वेळ झाली की तिला अभ्यास आठवतो का?

माझ्या पडद्यामागे मुली पोट दुखतं म्हणून येतात. मी आधी बाकाच्या, मैत्रिणीच्या, घरच्या कुत्र्याच्या गोष्टी काढते आणि जेवणाचं अगदी शेवटी विचारते, तेही दुसरीकडे बघत. त्यांना लाज वाटते, ताई. न जेवणं हा त्यांचा हट्ट नसतो. सुरुवात त्यांच्या हातात असते, मग हळूहळू त्याची सूत्रं त्यांच्या हातून जातात. या वयाचं शरीर वाढीसाठी अन्न मागतं, ते मिळालं नाही की काळजावर ताण येतो.

रागावू नकोस, तिलाही रागे भरू नकोस. या आठवड्यात डॉक्टरांना दाखव.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ या पत्रामुळे कमी होऊ नये.
तुझी धाकटी

ता. १४ ऑगस्ट

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. औषधाच्या कपाटाजवळ बसून बसून तुला सगळीकडे दुखणंच दिसायला लागलं आहे. ज्या घरात सकाळची पूजा चुकली नाही, त्या घरातल्या पोरीने देवाचं नाव घेतलं तर तो आजार? मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, देवासाठी करते. माझी लेक देवघरात उभी राहून खोटं बोलणार नाही. पोटचं मूल असतं म्हणजे तुला कळलं असतं.

केस गळतात, पण ते आमच्या नळाच्या पाण्याने. पाळीचं मी विचारलं नाही. ती न्हाणीघराचं दार लावून घेते, तिला काय आणि कसं विचारायचं?

लोकर पाठवू नकोस. माझं मी बघेन.

ताई

ता. १८ ऑगस्ट

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते वाचलं. साळूला पहिली आंघोळ मी घातली होती, एवढंच मला आठवतं.

तुझ्या देवाला मी आजार म्हटलेलं नाही. उलट त्यालाच मध्ये घाल. उपास तू शिकवलास, तेव्हा तो उतरवायचा अधिकारही तुझा आहे. तिला देवापुढे बसव आणि सांग, तुझं सगळं त्याला पोचलं, आता तो तुला जेवायला सांगतो आहे. मग देवापुढचं ताट तिच्यापुढे ठेव. आपण दोघी आईच्या हाताखाली उपास करत वाढलो. सुटायची वेळ झाली की कशा ताटावर तुटून पडायचो! देवासाठी उपाशी राहिलेली पोर देवाच्या शब्दावर जेवेल. ती जेवली तर मी चुकले, पुढच्या खेपेला माझे कान धर.

नाही जेवली, तर मात्र सकाळची वाट बघू नकोस.

उत्तराची वाट पाहते. मला परकी करू नकोस.
तुझी धाकटी

ता. २३ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

फोनवर यांनी तुला सांगितलंच. मला फोनवर शब्द फुटत नाही, म्हणून इथे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

तू सांगितलंस तसं केलं. तुला खोटं पाडायचं म्हणूनच केलं, हेही लिहून टाकते. साळूने हात धुतले, मुकाट्याने बसली. देवाला नमस्कार केला, भाताचा घास उचलला. तो ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मी म्हटलं, घे बाळा, सुटला उपास. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हणाली, आई, मला सोडायचा आहे गं, पण तो सुटतच नाही. पहिल्यांदा हलकं वाटलं, आजींनी कौतुक केलं, तू शेजारी सांगत सुटलीस, आणि मग थांबताच येईना. देवाचं नाव घेतलं की कुणी जेव म्हणत नाही, म्हणून ते घेत राहिले. देव मला मारील का, असंही विचारलं. माझ्या कुशीत आली तेव्हा स्वेटराच्या आत नुसता पक्षी होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाडी फार मंद आहे, आणखी उशीर परवडला नसता. अन्नही एकदम देता येत नाही, हळूहळू वाढवायचं म्हणतात. हे तिच्या उशाशी बसून असतात. सारखं तिचं मनगट धरून.

धाकटे, मागच्या पत्रात मी तुला जे लिहिलं ते पत्र फाडून टाक. हिची तुझ्याइतकी आई मी झाले नाही. आता मी तिच्याशी काय बोलू, काय बोलू नको, ते सांग.

तुझी ताई

ता. २७ ऑगस्ट

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

तसं लिहू नकोस. ताट तू ठेवलंस, मी नाही. फाडायचं ते फाडलं.

रजा मंजूर झाली की येतेच. तोवर एवढं कर. ती जेवली तर शाबासकी नको, नाही जेवली तर आकांत नको. बारीक झाली, भरली, असलं काही कुणी तिच्यासमोर बोलायचं नाही. वरच्या आजींनाही सांगून ठेव. घरी आल्यावर सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि जेवताना इतर गप्पा. तिच्या वर्गशिक्षिकेशी मी बोलले. बाई भल्या आहेत, मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर बसणार आहेत आणि शाळेतल्या समुपदेशक बाईही आठवड्याला भेटतील. परीक्षेचं नंतर बघू.

आणि एक अवघड गोष्ट. ती बरी होईपर्यंत तू तिच्या देखत उपाशी राहू नकोस. तुझ्यासाठी हे काय आहे ते मी जाणते, तरी लिहिते.

सर्वांना नमस्कार. ओढ आहे तशीच राहावी.
तुझी धाकटी

ता. १९ सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परत गेल्यावर घर सुनं वाटतं. साळू शाळेत अर्धा दिवस जाते. काल वर्गशिक्षिका बाईंची नक्कल करून दाखवली, हे पोट धरून हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. पण लगेच हुरळून जाण्यासारखं नाही. परवा तिने भाजी ताटाखाली सारली, मी पाहिलं, रागावले नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, महिने लागतील, कदाचित वर्ष.

आज माझ्या उपासाचा वार होता. तुला ठाऊक आहे, तो मी हिच्यासाठीच धरला होता, ही अशक्त जन्मली तेव्हा. पोर जगू दे, एक दिवस तुझा, असं देवाशी बोललेलं. पंधरा वर्षांत आजारपणातसुद्धा मोडला नाही. सकाळी दिवा लावला आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिले. शेवटी म्हटलं, देवा, हिच्या जिवासाठी जे धरलं ते हिच्या जिवासाठीच सोडते. काही चुकत असेल तर माझ्या खात्यावर मांड, तिच्या नको.

दुपारी तीन ताटं वाढली. साळूने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वार माहीत आहे. म्हणाली, आई, आज तर तुझा. मी म्हटलं, आज मला भूक लागली आहे. आणि पहिला घास मी घेतला. एवढ्या वर्षांनी त्या वारी, भर दुपारी. चावला, गिळला. ती बघत राहिली. यांनी दुकानात आलेल्या कुणाच्या तरी उलट्या चालणाऱ्या घड्याळाची गोष्ट काढली, ती संपली, दुसरी काढली. ताटातलं सगळं गार झालं. मग तिने घास उचलला.

सगळं नाही संपवलं. ती उठेपर्यंत आम्ही दोघं मात्र उठलो नाही.

कळावे. तुझ्यासाठीही रोज हात जोडते. अशीच पाठीशी राहा.
तुझी ताई