ज्याचं जळतं

२ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस आणि मी खुशीत आहे. प्रयोगशाळा लहानशीच, पण भरपूर उजेडाची. खिडकीशी काचेची भांडी, भिंतीलगत पांढऱ्या उंदरांचे पिंजरे. एका रानवेलीच्या मुळांचा अर्क काढायचा आणि त्यानं दुखणं आणि सूज किती उतरते ते पाहायचं, हे आमचं काम. उंदराला अर्क पाजून तापल्या पत्र्यावर ठेवतात. चटका बसला की तो पाय चाटतो, चाटला की लगेच त्याला उचलायचं. जितका उशिरा चाटेल तितकं औषध गुणाचं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मनमोकळ्या आहेत. बोटांना पट्ट्या, सदा हातमोजे, आणि चहा मात्र उकळता घशाखाली ओततात. जीभ आहे की चामडं, कोण जाणे.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. उंदरांचे पाय बरे करणार, मग माझ्या गुडघ्यांनी काय घोडं मारलंय, असं त्यांनी विचारलं. गुडघे सुजून भोपळ्याएवढे झालेत बिचारीचे, पण जिभेला सूज नाही.

९ फेब्रुवारी
आज एक उंदीर पत्र्यावर निवांत बसूनच राहिला. शेवटी मीच उचलला. अर्क पाजलेले आणि न पाजलेले एका पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत, अशी मॅडमची सक्त ताकीद आहे. पण न पाजलेल्यांतला एकच उरला होता, कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचा. मला बघवेना. हळूच बाकीच्यांत सोडला. लगेच एकमेकांना चाटायला लागले.

१३ फेब्रुवारी
सासूबाई दिवसभर कण्हतात. धीर द्यायला गेले तर म्हणाल्या, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. खरंच आहे. आज थोडा अर्क गुपचूप घरी आणला आणि तेलात कालवून त्यांच्या गुडघ्यांना चोळला. घरच्या माणसाला कसले आलेत हातमोजे.

१६ फेब्रुवारी
सूज उतरली! सासूबाई जिना चढून गच्चीवर जाऊन आल्या. चिमी, माझी तीन वर्षांची लेक, आजीच्या मांडीवरून उतरायला तयार नाही. मी रोज चोळते. घर कसं हलकं झालंय.

२१ फेब्रुवारी
सासूबाईंनी उकळत्या दुधाचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं. तळव्यांची सालं निघाली. मी रडत फुंकर घालत होते आणि त्या कौतुकानं सांगत होत्या, की दूध थेंबभरही सांडलं नाही.
चोळणं बंद केलं.

२४ फेब्रुवारी
बंद करूनही फरक नाही. आज तो एकटा उंदीर पत्र्यावर ठेवला. त्याला कधीच अर्क पाजलेला नाही. तो हलला नाही. पिंजऱ्यातल्या बाकीच्यांनी आपापले पाय कुरतडलेत.

मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. हातमोजे काढले, पट्ट्या सोडल्या. बोटांना टोकं नव्हती. शिवल्यानं पसरतं, म्हणाल्या, आणि उतारा अजून सापडलेला नाही. मग विचारलं, घरी लहान कुणी आहे का. मी तशीच घरी धावले.

२५ फेब्रुवारी
चिमी पायरीवरून पडली. कपाळाला खोक. रडली नाही. रक्त दाखवायला हसत आली.
याच हातांनी मी तिला न्हाऊ घालते, भरवते—

२७ फेब्रुवारी
चिमी काहीतरी चघळत होती. थुंक म्हटलं.
तिचाच ओठ होता.

१ मार्च
डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत तेल घालून जपा, दुसरं काही हातात नाही. ठीक आहे. तिला दुखत नाही, तर तिचं दुखणं मी होईन. अंग अन् अंग तपासत राहीन. एवढं तरी मी—

२ मार्च
जळल्याचा वास येतोय. इस्त्री करता करता इथेच टेबलाशी लिहायला बसले होते. उठून पाहून आले. गॅस बंद. सासूबाई झोपल्यात, हातपाय पाहिले. चिमीला उघडं करून पाहिलं, कुठे काही नाही. धड आहे माझं पिल्लू. देव पावला.

पुन्हा बसले. वास वाढलाय. इथूनच येतोय— टेबलावरूनच—

इस्त्री चालूच राहिली. माझा डावा हात तिला टेकलेला— कधीपासून— मला कळलंच नाही. मलाही कळत नाही.

मग चिमीला आता कोण