सुषमाचा रिलिव्हर

ती. दादांस,

नमस्कार, रीतीपुरता. तुम्ही फोन उचलत न्हाई म्हणून हे कार्ड. मुद्दाम उघडं धाडलंय, पोस्टमननंबी वाचावं.

आई दौंडच्या दवाखान्यातच हाय, पण आता जेवतीया. आबांचा गुडघा कसा हाय?

मी कामाला गुजरातला निघालो तवा तुम्ही म्हणालात, "बिनघोर जा. आईपाशी सुषमाला रिलिव्हर म्हणून मी हाय ना." रांजणगावला कंपनीत तुम्हीच मला शिकवलं होतं, पुढच्या पाळीचा रिलिव्हर आल्याबिगर मशीन सोडायचं न्हाई. माझ्या बायकोनं तेच केलं. अंगात ताप असून आईची खाट सोडली न्हाई. आन् तुम्ही यात्रेच्या आखाड्यात फेटा बांधून फोटो काढत होता. लाज कशी वाटली न्हाई?

आता ऐका. पूनमवहिनी माहेरी गेल्यात असं तुम्हाला वाटतंय. त्या दौंडला आईपाशी हायत. सुषमाला त्यांनीच आमच्या दौंडच्या घरी झोपायला धाडलं. आई हिंडाय-फिराय लागंपर्यंत त्या परतणार न्हाईत.

तवर आबांच्या भाकरीची शिफ्ट तुमची. रिलिव्हर मिळणार न्हाई.

आबांना दंडवत सांगा. आन् भाकरी नीट भाजा, त्यांना कच्ची सोसत न्हाई.

रविराज