काजळी कमी धरलेली काच

मी, बुरुल जुमाबाय कीझी, वय एकाहत्तर, राहणार नारीन, व्यवसाय लोकांना आकाश दाखवणे व रेडिओवरून समजावून सांगणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांनी वसंतापर्यंतची मुदत दिली आहे. त्यांची गणितं कच्ची असतात, तरी उशीर नको.

१. राहतं घर, दोन खोल्या व कोंबड्यांसह, धाकटी बहीण जीपार हिला द्यावे. ती तरुणपणापासून माझ्याजवळच आहे. भाचा अझामात याला जीप. तिचा रिव्हर्स पडत नाही, हे त्याला ठाऊक आहे. याच जीपमधून तीस वर्षं मी कुरणाकुरणांवर दुर्बीण नेली. मागे यायचं झालं की मेंढपाळ ढकलत. मात्र घर विकण्याचा विषय अझामातने जीपारसमोर काढलाच, तर त्याला जीपही मिळू नये.

२. शिल्लक रक्कम अंत्यविधीला लावावी. मातीच्या जेवणाला रिवाजाप्रमाणे घोडा कापू नये, एक मेंढी पुरे. लोक नावं ठेवतील. ठेवू देत, मला कुठे ऐकू येणार आहे!

३. रेडिओचे माजी संचालक कादिरबेक यांनी माझी पंधरा मिनिटं काढून राशिभविष्यवाल्या बाईला दिली. त्यांना माझ्याकडून काहीही नाही. मातीला आले तर जेवू घालावे, पण भाषण करू देऊ नये.

४. माझ्या हातांनी आरसा घासून केलेली दुर्बीण गावच्या शाळेला. अट एकच. मुलाला "दिसलं का?" असं विचारू नये. मागे रांग उभी असते, बाई थंडीत कुडकुडत असतात, मग पोर भिडेपोटी "दिसलं" म्हणतं आणि बाजूला होतं. "काय दिसलं?" असं विचारावं. हे मला फार उशिरा कळलं.

५. आता जड कलम. हे माझ्या पश्चात जीपारला मोठ्याने वाचून दाखवावे, कारण तिला अक्षर दिसत नाही.

१९८१चा जुलै संपत होता. सोनकुल तळ्याकाठच्या कुरणावर सकाळी सूर्यग्रहण दिसणार होतं. आई म्हणाली, "पोरींनो, तंबूबाहेर पडायचं नाही. आत बसून भांडी वाजवायची." मी राजधानीत शिकून आलेली, दीडशहाणी. चारचौघांत तिला हसले. "तू वाजव गं कढई, आम्ही विज्ञान बघतो!" आणि सगळं कुरण बाहेर काढलं.

तेव्हा आम्ही सगळेच काजळीच्या काचा वाटत असू. चाळीस काचा मी दिव्यावर धरत होते. तेवढ्यात वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. फोटोत छान दिसायचं होतं मला. शेवटच्या काचा घाईघाईत धुरावरून नुसत्या फिरवल्या. अगदी शेवटची जीपारच्या हातात दिली. "दिसलं का गं?" म्हटलं. ती म्हणाली, "दिसलं."

संध्याकाळपर्यंत तिच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. तो गेलाच नाही. जिकडे बघावं तेच पुसलं जातं, कडेकडेचं तेवढं दिसतं. एकोणीस वर्षांची पोर, लोकरीच्या नमद्यावर हातानं नक्षी कापण्यात तिची बरोबरी करणारं खोऱ्यात कोणी नव्हतं. त्यानंतर जन्मभर ती दुसऱ्यांची लोकर पिंजत राहिली. आईला तिनं सांगितलं, "मीच काच काढून बघितलं." आई माझी दुर्बीण फोडेल ही तिला भीती. मी गप्प बसले. त्या दिवसाच्या कामाबद्दल मला पदक मिळालं. ते नदीत टाकावे.

जीपार, काच माझी होती. चूक माझी होती. मला क्षमा कर म्हणायचंही तोंड नाही.

पुरवणी. वरील मजकूर लिहून झाला, आणि हे मेल्यानंतर बोलण्याची लाज वाटली. आज सकाळी मीच तिला वाचून दाखवला. ती पीठ मळत होती.

"झालं वाचून?" ती म्हणाली. "एजे, दर ग्रहणाला रेडिओवर तू सांगायचीस, काजळीच्या काचेतून बघू नका. तिथं तुझा आवाज बसायचा. डोळे गेले माझे, कान नाही गेले."

"मग बोलली का नाहीस गं?"

"थोरली तू, माझी एजे. आधी तू बोलायचंस. वाट बघत राहिले."

त्रेचाळीस वर्षं! मी रडले. ती पीठ मळतच राहिली. मग म्हणाली, "एक सांग. त्या दिवशी सूर्य कसा दिसत होता? मी आपलं दिसला म्हणाले. मला नुसतं पांढरं दिसलं होतं."

अख्ख्या देशाला मी ते ग्रहण कितीदा सांगितलं. घरात सांगायचं राहिलं होतं. तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं, पहिली कड कुरतडली गेली तिथपासून. पीठ वाळून गेलं.

कलम पाच वाचण्याची आता गरज नाही. बाकीची कायम.

सही: बुरुल जुमाबाय कीझी
साक्षीदार: १. डॉ. मिर्लान, ज्यांचं गणित चुकावं अशी माझी इच्छा आहे. २. शेजारीण तोक्तोबुबू, जिने हे सगळं भिंतीपलीकडून ऐकलंच आहे.
नारीन, १२ नोव्हेंबर २०२४