एकच फासा

दादा,

आपलं बोलणं बंद होऊन वर्ष झालं, म्हणून लिहितोय. तसं मध्ये प्लायवूडचं एक पार्टिशनच आहे, तेही मीच ठोकलेलं.

सुट्टी लागल्यावर माझी दोन्ही कार्टी घर डोक्यावर घेतील असं वाटलं होतं. पण आठवडाभर ती कपाटामागे गुपचूप बसून होती. आज कपाट सरकवलं, तर पार्टिशनला खाली भोक, आणि पलीकडून तुझ्या पोराचा एक डोळा.

"काका, जरा सरका ना, बारकीची पाळी आहे."

सापशिडीचा पट दोन्हीकडे मांडलेला, फासा मात्र एकच. तो भोकातून जायचा-यायचा. भोक कुणी पाडलं विचारलं, तर बारकी म्हणते, "आधीपासूनच होतं." खोटं बोलताना अगदी तुझ्यासारखं नाक खाजवते.

ओरडणार होतो, पण तिच्या बोटात गेलेलं कुसळ दिसलं. मुलांना जेवायला पाठवलं. भोक बुजवायला म्हणून बसलो आणि पॉलिश पेपर घेऊन त्याच्या कडाच घासत राहिलो. माझी बाजू झाल्यावर बोट आत घालून तुझी बाजू चाचपली.

ती आधीच गुळगुळीत होती. पोरांच्या हाताचं काम नव्हे ते, दादा. कडेवरून दोनदा हात फिरवायला मला तूच शिकवलंस.

हे पत्र गुंडाळलं तर तिथून सहज जाईल. अजून खिशातच आहे. कपाट मात्र परत लावलं नाही.

तुझा,
पलीकडचा धाकटा